झाकण

फोंडू वेळीप, वय बेचाळीस, नेत्रावळीच्या वरचा वाडा.
थुंकीची डबी पाचव्यांदा माझ्या टेबलावर.
रंग: गंजलेल्या खिळ्याचा.
मागच्या चारही वेळा मी लिहिलं होतं, जंतू नाहीत.
तरी कार्डावर क्षय, तरी आठ महिने गोळ्या,
तरी घरी त्याचा कप
वेगळ्या खिळ्याला.

आज मी लाल रंग ओतलाच नाही.
थेंब तसाच काचेवर ठेवला, आणि डोळा लावला.
आधी नुसता चिखल.
मग चिखलात एक सोनेरी करंडा,
एका टोकाला
चपटं, नीट बसवलेलं झाकण.
ओहोळातलं अंडं. माणसाच्या छातीतून आलेलं.

बाहेर बाकावर तो, तोंडावर पंचा.
कुर्ल्या खाता?
तो हसला. सांग्यात हा काय प्रश्न?
कच्च्या?
"कच्च्या कोण खातं, बाय. भाजून."
किती भाजून?
तेव्हा त्यानं हातांनीच रात्र मांडून दाखवली:
काजूची राखण, तीन दगड, पाचोळ्याचा जाळ,
पाठ तांबडी झाली की झालं.
आतलं मांस अजून काचेसारखं,
दगडाखालच्या गारव्याचं.
"गोड लागतं. जास्त भाजलं की चव मरते."

मला डांग्या खोकला झाला होता तेव्हा
आईनं कुर्ली ठेचून, फडक्यातून गाळून
रस पाजला होता वाटीभर.
आठवलं, आणि मी उगाच खाकरले.

मग सांगू लागले, बोटानं टेबलावर वाट काढत:
थुंकी ओहोळात, ओहोळातून गोगलगाईत,
गोगलगाईतून कुर्लीत, कुर्लीतून
"परत माझ्यात," तो म्हणाला.
आणि जरा थांबून,
"म्हणजे मीच मला खाल्लं."

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. तीन दिवसांच्या.
तो चिठ्ठी उलटीसुलटी करत राहिला,
मागे अजून काही असेल म्हणून.
"एवढंच?"
एवढंच.
"मग एक कागद द्या. क्षय नव्हता असा.
बायको माहेरी आहे, गावडोंगरीला.
तिला वाचता येतं."

असा कागद द्यायचा अधिकार मला नाही.
मी लिहिला. शिक्काही मारला, थोडा वाकडा.
त्यानं बारीक घडी करून
गोळ्यांच्या डबीत घातली, झाकण लावलं,
आणि उठता उठता
अंगठ्यानं दोनदा दाबून पाहिलं.