चोवीसास एक

मरोळच्या आमच्या गाळ्यात दिवाळीचे दिवे उतरले
की एक प्रश्न टेबलावर येतो:
पुढची गाडी कोणती?

विक्रीवाले लोडाया म्हणाले,
लाल, इटालियन, दोन दारांची. पोरं तुटून पडतील.
परवान्याचं पत्र आलं.
शेठनी त्यातला आकडा दोनदा वाचला,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा,
मग त्याच कागदाने चहाचा कप झाकला.

जीप? चार जणांनी काढलीय आधीच.

मी म्हणालो, हेराल्ड.
कोणी बोललं नाही. कॉम्प्रेसर तेवढा धापा टाकत होता.
घेणार कोण?
ज्यांचे वडील ती घ्यायची म्हणून पैसे साठवत होते, ते.
आणि ज्यांच्याकडे होती?
ते नाही घेणार. ती कुठे कुठे बंद पडायची
ते त्यांना अजून पाठ आहे.

शेठ हसले, पण हसण्यावर पोलाद येत नाही.
आठवण मोजायचं गेज आमच्याकडे नाही.
पटलं ते दुसऱ्याच गोष्टीवर:
इन्सर्ट बदलला की दोन दारांची, चार दारांची,
एका साच्यातून दोन खोकी.

कलिन्यात कोळीवरीला, मिस्किटाबाईंच्या अंगणात
ती होती. ताडपत्रीखाली, चारही पाय विटांवर.
इस्माईल चौगुले टेप धरायचा, मी लिहायचो.
पुढचं अख्खं नाक मडगार्डांसकट पुढे कलतं,
आत इंजिनाच्या कुशीत घूस व्यालेली.
दोन दिवस, सहाशे फोटो,
काचेच्या रबराची जाडीसुद्धा.

डाव्या मागच्या दारावर पोचा होता, तळहाताएवढा.
बाई म्हणाल्या, हा ठेवाल ना?
कशाने पडला?
ते नाही सांगत.
मी म्हणालो, बाई, आम्ही शोरूममधली गाडी करतो.
त्यांनी सरबताचे पेले उचलले
आणि माझा अर्धा भरलेला होता.

खरं माप भागिले चोवीस केलं की गाडी चुकते.
हे कोणी शिकवत नाही.
छप्पर जड दिसतं, चाकं पोरकी.
खरं वाटण्यासाठी इथे पाव मिलिमीटर,
तिथे केसभर
खोटं बोलावं लागतं.
आणि प्रत्येक उभ्या भिंतीला अंशभर उतार द्यायचा;
जे काटकोनात ताठ उभं राहतं
ते साचा सोडत नाही.
(माझ्या मोठ्या भावाबद्दल मी हेच म्हणत आलोय.)

आठ महिने गेले.
पहिला शॉट पडला, राखाडी, गरम, मेणचट वासाचा.
इस्माईलने सांगाडा उजेडात धरला,
एका जागी अंगठा फिरवला,
आणि काही न बोलता माझ्याकडे दिला.

डावं मागचं दार. मधोमध खळी.

कारण सरळ आहे. आतल्या बाजूला बरगडी जाड ठेवली होती,
जाड जागा उशिरा थंड होते
आणि थंड होताना कातडी आत ओढते.
चूक माझी. ड्रॉइंगवर माझी सही.
उजव्या दाराला तीच बरगडी, तेवढीच जाड.
तिथे काही नाही.
याला माझ्याकडे उत्तर नाही, इस्माईलकडे होतं,
पण मी विचारलं नाही.

साचा उतरवला, वेल्डिंग भरलं, बरगडी बारीक केली.
चार दिवस लोडाया माझ्याशी बोलले नाहीत.
तिसऱ्या शॉटला दार गुळगुळीत,
तसंच बाजारात गेलं.

पहिला शॉट भंगारात दळायचा असतो.
मी तो बुटाच्या खोक्यात घालून कलिन्याला नेला.
बाईंनी चष्म्याशिवाय दार शोधलं.
नखाने खळी तपासली, दुकानात नाणं तपासतात तशी.
मग तुकडे मोजायला बसल्या, एकशे अठरा,
एक आरसा कमी भरला,
तो माझ्या खिशात निघाला.

हे जोडायचं कोणी?
तुम्हीच.
खोक्यात गोंद नाही दिला?

नाही, म्हणालो.
गोंद वेगळा घ्यावा लागतो.