मधली सुई

दमयंती कुबल तीन अडॅप्टर घेऊन आली
बाजाराच्या पिशवीत, वर कोथिंबिरीची जुडी.
काउंटरवर एकेक मांडला, माशांचे वाटे लावतात तसा,
आणि म्हणाली, "चालता, पण भरना नाय."

मी आधी पाठीवरची बारीक अक्षरं वाचतो,
झिजली असतील तर टॉर्च तिरका धरून.
व्होल्ट जुळायलाच हवेत. इथे भावकी चालत नाही.
अँपिअर मात्र जास्त चालतात:
होडी आपल्यापुरतंच पाणी घेते तरंगायला,
खाली समुद्र कितीही असो.
कमी पडले तर अडॅप्टर तापतो, वास येतो,
आणि मग माझ्याकडे येतो.

पहिला शेजारच्या गिरपांचा. बारा व्होल्ट.
पिन जाते आत, म्हणून काय सोयरीक होते?
दुसरा कुडाळ स्टँडबाहेरचा, अडीचशेचा,
हातात घेतला तर इतका हलका
की आत कुणी राहत नसावं.
तिसरा अस्सल, लॅपटॉपसोबत आलेला,
मानेला चिकटपट्टीचे सात वेढे.

मल्टीमीटर लावला. काळी बाहेर, लाल आतल्या कडेला.
एकोणीस पॉइंट चार.
बिचारा रोज पुरेपूर देतोय.
मग हा घेत का नाही?

भिंग काढलं. पिनच्या पोटात, मधोमध
एक सुई असते, मांदेलीच्या काट्याएवढी.
लॅपटॉपला लागते ती वीज तिच्यातून जात नाही.
ती फक्त सांगते: मी कुठल्या घरचा, किती पेलतो.
ती मोडलेली.
तेव्हापासून लॅपटॉप दारातच उभं राहून
कामापुरतं घेत होता. साठवत नव्हता.
ओळख पटल्याशिवाय
कोठीची किल्ली कोण देतं?

वेंगुर्ल्याच्या हवेत मीठ आहे.
खिडकी बंदराकडे असली की
पितळेवर हिरवी साय धरते, दोन वर्षांत सॉकेट जातं.
हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही.
तिला सांगितलं.

मग लॅपटॉप टेबलावर ठेवला, तर तो डुगडुगला.
टचपॅड वर आलेलं, झाकणाला पोट.
"हे कधीपासून?"
"गणपतीपासना. राती वर वरवंटो ठेवतंय,
बसात म्हणान."

माझा हात हवेतच राहिला.

अकरा स्क्रू. बारावा आधीच हरवलेला.
आत बॅटरी, टम्म, चकचकीत.
मी सुरू केलं: लिथियम, आत साठलेला वायू, टोचलं तर...
तिने वाकून पाहिलं.
"केंड मा ह्यो?
टोचूचो नाय, दाबूचो नाय. वायलो काढूचो."
तिच्या घरात चार पिढ्या जाळी झाडतात.
माझं दहा मिनिटांचं भाषण वाचलं.

प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू सोडवली,
वाळूच्या डब्यात ठेवली, मागच्या ओट्यावर,
जिथे मांजरंसुद्धा जात नाहीत.
ती अजून डब्याकडे बघत होती.
"हर्षदाचे फोटो त्येच्यातच रवले काय?"
हर्षद बोटीवर आहे, सध्या कुठल्याशा बर्फाच्या बंदरात.
"नाही हो. फोटो डिस्कवर.
बॅटरीत नुसती भरती-ओहोटी."

नंबर उतरवून घेतला, बॅटरीच्या पाठीवरचा;
मॉडेल एकच असलं तरी बॅटऱ्या दोन मापांच्या येतात.
नवी आठ दिवसांनी. पिन उद्या बदलून देतो.
तोवर दुकानातला माझा अडॅप्टर वापरा, तारेवरच चालेल,
लाइट गेली की जागच्या जागी मरेल.
सोसायटीच्या डिझेलचा हिशेब लिहिताना
ओळीओळीला सेव्ह करा.
"ओळीओळीक," ती पुटपुटली, पाठ केल्यासारखी.

पायरी उतरून परत आली.
"तो गिरपांचो दी आधी.
त्येंचो राउटर बंद आसा सकाळपासना,
झील बोंब मारीत असतलो."

गेली. कोथिंबीर इथेच राहिली.