दमट घडी

टिळकनगरात जिन्याखाली माझं टेबल,
कोळशाची इस्त्री, डोक्यावर पत्रा.
होळी गेली आणि छातीखाली आग सुरू झाली.
आधी खाज, मग चरचर,
मग ब्लाउज काढताना कातडीच सुटून येईल असं.
वास यायला लागला तेव्हापासून
गिऱ्हाईक आलं की मी एक पाऊल मागे सरकायचे.

कोणाला सांगणार?
हात भाजला तर दाखवता येतो.

नाक्यावरच्या मेडिकलवाल्याला म्हटलं, बहिणीला होतंय.
त्याने कुठे ते विचारलंसुद्धा नाही.
एक ट्यूब दिली, सगळ्यांना तीच देतो.
चार दिवस गार वाटलं, देवमाणूस वाटला.
पाचव्या दिवशी दुप्पट.
तरी तीच लावत राहिले, वरून पावडर थापत राहिले,
तिचे ओले गोळे व्हायचे, रव्यासारखे.
तीन ट्यूबा संपल्या. मे आला.

सायनला, कातडीच्या ओपीडीत,
बाकावर माझ्या आधी एकोणीस जण,
जो तो आपापलं लपवून बसलेला.
एक पोरगा मांड्या जरा फाकवून,
एक बाई तान्ह्याची हनुवटी पुन्हा पुन्हा उचलून
मानेच्या वळीत फुंकर घालणारी.

डॉक्टर केणी, पोरगीच.
पडदा ओढला, म्हणाली, वर उचला.
माझं मीच उचललं.
तिथं उजेड कधी गेला नव्हता,
लग्नातसुद्धा दिवा मालवूनच.
तिने वाकून बघितलं, नाक मुरडलं नाही.
"लाल, ओलं, कडेला बारीक पुळ्या.
कातडीला कातडी चिकटून राहते तिथं वारा जात नाही.
घाम सुकत नाही, घासतं, मग बुरशी येते राहायला.
घाण नाही हो मावशी, ओल आहे."

घाण नाही. ओल.

अहो, मग हे मला ठाऊक नव्हतं?
वरच्या पाटकरबाईंना मीच ना सांगते,
दमट कापडाची घडी घालू नका,
काळे ठिपके पडतील, ते मेल्या जात नाहीत.
शाळेच्या शर्टांच्या काखा मी दोनदा शेकते.
आणि रोज सकाळी स्वतःला
ओलीच्या ओली घडी घालून ब्लाउजात कोंबते,
सहाच्या पाण्याची घाई.

ट्यूब तिने डब्यात टाकली.
विचारलं, साखर तपासलीय कधी?
बोट टोचलं. होती.
न सांगता कधीची राहत होती.

आता कोमट पाणी, साबण नावाला,
आणि टिपायचं, पुसायचं नाही.
हे जमेना. माझ्या हाताला रेटायची सवय.
मग दार लावून पंख्याखाली हात वर करून उभी,
पोलिसाने धरल्यासारखी.
बाहेरून नवरा, मंदे, झोपलीस का काय?
मलम सकाळ-संध्याकाळ, पातळ,
खाज थांबली तरी पुढे पंधरा दिवस.
तेच कठीण गेले.
काही होत नसताना लावायचं मलम.

वळीत ठेवायला मऊ सुती पट्टी, ओलसर झाली की बदलायची.
टेबलाखाली खोतांचं धोतर होतं,
ते गेल्यावर न्यायला कोणी आलंच नाही.
चार वर्षं तसंच, माझ्याच हातची घडी.
मी ती मोडली.
अकरा पट्ट्या निघाल्या.
धुऊन, उन्हात टाकून, मग इस्त्रीखाली,
गिऱ्हाइकांचा ढीग बाजूला सारून.
स्वतःचं कापड असं मन लावून
कधी केलं होतं, आठवेना.

काल पाटकरबाई पाच ब्लाउज घेऊन आल्या.
बोलता बोलता हात काखेकडे गेला,
मला बघून खाली आला.
मी इस्त्री बाजूला ठेवली.
म्हटलं, बाई, बसा जरा.
त्या म्हणाल्या, घाई आहे.
म्हटलं, मलापण होती.