शितावरून भात

घणसोली गावठाण, साडेबारा टक्क्यांतली इमारत,
दुसरा मजला, खाली चिकनचं दुकान.
बोर्डावर अजून 'केबल' हाच शब्द मोठा.
'इंटरनेट' नंतर रंगवलेलं, उरलेल्या जागेत, तिरकं.

अकराशे चाळीस घरं आमच्या तारेवर.
भालूशेठ मढवी दर तीन तारखेला वहीत टिक करतो,
कोण बाकी, कोण गावी गेलाय.
शिमग्यापासून रोज रात्री साडेनऊला सगळं बसायचं.
सेक्टर सातवाले शुद्ध मराठीत शिव्या द्यायचे,
गावातले आगरीत. आगरीतल्या लागायच्या.

मोठ्या कंपनीचा माणूस आला, टाय लावून.
म्हणाला, तारेतून जाणारं एकूण एक पाकीट तपासते आमची पेटी,
शंभर गिगच्या वेगात.
मग किंमत सांगितली.
भालूशेठने कप बशीत ठेवला.
"एवढ्यात माझ्या पोरीचं लगीन होईल, मांडवासकट,"
आणि बिस्किटाचा पुडा त्याच्यापासून थोडा लांब सरकवला.

मी तुर्भ्याला गेले, भंगाराच्या गाळ्यात.
महापेच्या डेटा सेंटरने टाकलेला सर्व्हर, वजनावर घेतला.
एका कोपऱ्याला पोचा, पाठीवर मार्करने कुणीतरी लिहिलेलं: मेला.
मेला नव्हता. दोन पंखे बदलले.
कार्ड जुनं, पण रुंद घशाचं.
तारेवर काचेचा एक फाटा बसवला:
नव्वद टक्के उजेड पुढे जातो, दहा माझ्याकडे वळतो.
त्या दहातही सगळं असतं, फक्त मंद.

सगळं बघायची ऐपत नव्हती. मशिनची नाही, माझीही नाही.
हजारातलं एक पाकीट उचलायचं,
पत्ता, वजन, वेळ. सोडून द्यायचं.
भालूशेठला पटेना. "नऊशे नव्व्याण्णव तशीच सोडतेस?"
पडद्यामागून त्याची बायको, कुकरचं झाकण काढत:
"भात शिजला का बघाला आख्खा टोप चाचपतं का कोन?"

अकराव्या रात्री सापडलं.
नऊ एकतीसला एकाच जागेवरून लोंढा निघायचा,
एकाच मापाची चिल्लर पाकिटं, लाखांनी,
परदेशातल्या कुठल्याशा दुकानाच्या दारावर आदळायला.
जागा: गावदेवीचं देऊळ.
दानपेटीवरचा कॅमेरा, आठशे रुपयांचा,
पासवर्ड एक दोन तीन चार.
लावला होता भालूशेठनेच, स्वखर्चाने, नारळ फोडून.

तो बराच वेळ गप्प.
मग शिडी खांद्यावर घेऊन स्वतः निघाला, मी मागे टॉर्च घेऊन.

त्याचा बाप खाडीच्या बांधावर उघाडीशी बसायचा,
उधाणाच्या रात्री, कंदील घेऊन.
पाणी आत येतंय का बाहेर जातंय, तेवढंच बघायचं.
कुणाच्या खाचरातलं, ते विचारायचं नाही.
हे त्यानंच सांगितलं, देवळाच्या भिंतीला शिडी टेकवत.
आणि चार पायऱ्या चढून, खाली न बघता:
"दीक्षा, पोरगी रात्री दोन-दोनपर्यंत जागी असते गो.
तुला दिसत असंल ना, काय बघते ती?"

म्हटलं, शेठ, पाकीट बंद असतं. आतलं दिसत नाही.
खरं होतं.
पण पत्ता दिसतो, आणि पत्ता काही मुका नसतो.
हजारात एकदा का होईना, नऊ रात्री तेच दोन:
जर्मन शिकवणारा एक वर्ग,
आणि त्यानंतर, दीडच्या सुमारास,
नर्सेस मागणारं त्याच देशातलं एक इस्पितळ.

"स्क्रू सैल आहे," तो वरून म्हणाला. मी टॉर्च नीट धरला.

परत आल्यावर तेवढ्या ओळी पुसल्या.
मग वाटलं, एकटीच्याच कशाला, आणि सगळ्यांच्याच पुसल्या,
सकाळी हिशेबाला थोडी अडचण झाली.

दुसऱ्या रात्री साडेनऊ वाजले. फोन वाजला नाही.
चालू आहे हे कुणी कळवत नसतं.
दहाला प्राजू चिकन घ्यायला खाली चालली होती,
दारात थांबली, चप्पल अडकवत म्हणाली,
"आता स्पीड बराय."
मी म्हटलं, हो का.