एक जून

दादनाच्या वर, दिब्ब्याच्या रस्त्याला,
डोंगर भाजल्यासारखा तपकिरी.
त्यात एकच पांढरी शीर, हातभर रुंद.
ग्रॅनाइट, म्हणतात डॉक्टर मौझा,
आणि घणाकडे बघतात.
घण माझ्याकडे असतो.

आम्ही वडार. दगड कुठून फुटेल
हे आधी मनगटाला कळतं, मग डोळ्याला.
बाप तिम्मा जन्मभर नेवाशाकडचा काळा दगड फोडत आला,
जाती, पाटे, दुसऱ्यांच्या घरांच्या पायऱ्या.
तो दगड खणखणायचा.
हा खडीसाखरेसारखा तुटतो.

शारजाच्या लॅबमध्ये मी तो दळतो, चाळतो, धुतो,
चुंबक फिरवून लोखंड उचलून घेतो.
वीस किलोचे शेवटी उरतात
सुईच्या टोकावर मावणारे चाळीस दाणे. झिरकॉन.
त्यांच्या पोटात युरेनियम, त्याचं हळूहळू शिसं होतं.
किती झालं, तेवढं मोजायचं.

निकाल आला: साडेनऊ कोटी वर्षं.
चूक असलीच तर पाच लाख इकडे, पाच लाख तिकडे.
(बापाचा काळा दगड तीन कोटींनी धाकटा निघाला.)
समुद्रतळाचा गाळ होता हा, बाईंनी सांगितलं.
वरून तापलेला अख्खा तळ सरकत आला,
गाळ खाली सापडला, वितळला,
आणि फट दिसेल तिथून वर चढला.
म्हणजे या डोंगरात परका, मी म्हटलं.
त्यांनी चहात बिस्किट बुडवलं. आता कसला परका!

त्याच दुपारी कार्डाचा फॉर्म भरला.
जन्मतारीख: एक जून.
आमच्या खोलीत सहा मराठी, त्यातले चौघे एक जूनचे.
गोसावी मास्तरांनी विचारलं होतं, पोरगा कधीचा?
बाप म्हणाला, पाझर तलावाची भिंत चालू होती, तेव्हाचा.
मग माझा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून पाहिला.
टेकला. लिहा सहा वर्षं.

कार्डावर साठ झाली की परत पाठवतात.
मी तर कदाचित सत्तावन्नचाच असेन.

बाई, मशीनमध्ये माणसाचं नाही का काही घालता येत,
नख, दात?
हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या,
झिरकॉन जन्मताना शिसं आत घेत नाही,
म्हणून त्याचं घड्याळ शून्यापासून चालतं.
तुमच्यात किती होतं सुरुवातीला,
कोण सांगणार?

मी पुढची पिशवी उघडली.
लेबलवर तारीख होती, खोरं, उंची,
उचलल्याची वेळसुद्धा:
सकाळी सात वाजून दहा मिनिटं.
अक्षर माझंच.