प्रति किलो

आमच्या नदीचे दोन काठ दोन घड्याळं पाळतात.
पलीकडे फिनलंडात अकराचे टोल पडले
तरी अलीकडे स्वीडनमध्ये दहाच.
मासा दोन्ही वेळा चुकवत वर चढतो.
इकडे तो सीक, तिकडे सीका.
"एका अक्षराने महाग," आउने म्हणायची,
आणि युरो घेऊन क्रोनांत सुटे द्यायची,
बहुतेक वेळा स्वतःच्याच तोट्यात.

ऑफिसात माझ्यापुढे तक्ता:
समुद्रातून नदीत येणारे मासे, देशवार, प्रति किलो.
पोर्तुगालने लॅम्प्री नगावर विकली, किलोत सांगत नाहीत;
दोन पत्रं पाठवून झाली.
फ्रान्सच्या ओळीत वामेची पिल्लं,
काचेची, आरपार, डोळ्यांचे तेवढे दोन ठिपके;
त्यांची शून्यं मी बोट ठेवून दोनदा मोजली.
लाटवियाने नुसती रेघ ओढली आहे.
मासा नव्हता, की गिऱ्हाईक,
की लिहिणाराच कंटाळला?
आमच्या गावापुढचा चौकोन रिकामा.

म्हणून जुलैत घरी गेले.
बाबा धावत्या पाण्यावर, मचाणाच्या टोकाला,
एकोणऐंशीचे, कमरेला दोर,
लांब दांड्याची जाळी प्रवाहाबरोबर सोडतात, उचलतात,
न बघता, चहा गाळावा तसं.
हे मचाण दर वसंतात बर्फ मोडून नेतो
आणि दर जूनमध्ये आम्ही ते पुन्हा ठोकतो.
खिळ्यांचा रकाना तक्त्यात नाही.

"किलोला किती धरू?" मी ओरडले.
त्या पाण्यापुढे ओरडावंच लागतं.
"कुणासाठी?" ते ओरडले.
मग एकेक भाव आला, फळीवर आपटत:
काडीला खोचून, मीठ लावून भाजलेला, पर्यटकाला अमुक.
पलीकडच्या हॉटेलवाल्या ओन्नीला तमुक,
पावती नाही, हे लिहू नकोस.
हेल्मेरला फुकट, तो बोटीचं इंजिन बघतो.

संध्याकाळी गवतावर वाटे पडले.
घराला एक, चोवीस घरं.
व्हाल्फ्रिडचा नातू पाठ करून उभा राहिला.
बाबांनी काठी टेकवली: हा कुणाचा?
तो पाठमोरा नावं सांगत गेला
आणि सतराव्या वाट्यावर सवयीने म्हणाला,
आउनेचा.

कुणी काही बोललं नाही.
आउनेच्या घराला मार्चपासून कुलूप.
वाट्यात चार मासे, एक चांगला दांडगा.
बाबांनी काठी पुढच्या वाट्यावर नेली.

रात्र तिथे नुसती नावाला.
स्वयंपाकघरात उजेडच होता, मी तक्ता उघडला.
तो वाटा आमच्याकडे आला होता, ठेवायला.
काट्यावर घातला: तीन किलो दोनशे.
गुणिले?
कर्सर चौकोनात उघडझाप करत राहिला, कल्ल्यासारखा.
शेवटी मी रेघ ओढली.
म्हटलं, लाटवियातही असंच कुणी बसलं असेल,
ओले हात पुसत.

सोमवारी वरून विचारणा आली:
रेघ म्हणजे शून्य धरायचं का?