आठवी गल्ली, तिसरा मजला

राजारामपुरी, आठवी गल्ली, तिसरा मजला.
खाली बेकरी, म्हणून जिन्याला कायम
नानकटाईचा वास.
वर आम्ही अकराजण
आणि भिंतीवर तीन घड्याळं:
एक इथलं, एक त्या देशाचं,
एक बंद पडलेलं.

रात्री दहा ते पहाटे सहा मी तिथला असतो.
(आमच्याकडं बाईमाणूसही 'मी असतो' म्हणतंय.
पुण्याहून आलेला सुपरवायझर
पहिल्या दिवशी हसला होता.)
सोमवारी मी गोदीवरचा हमाल,
मंगळवारी तीन लेकरांची विधवा,
बुधवारपासनं नुसताच संतापलेला.
त्यांचा समुद्र मी बघितलेला नाही.
रंकाळ्याच्या पाण्यावरनं अंदाज बांधून
त्यांच्या बुडालेल्या बंदरासाठी रडलो.
एका प्रतिक्रियेला साडेचार रुपये.
भाषा मशीन बदलून देतं,
राग मात्र माणसाचा लागतो,
आणि कोल्हापुरात रागाला कधी तोटा नव्हता.

पैसे कोण देतं, विचारलं
की चौगुलेसर बोट वर करतात.
वर गच्ची आहे, पाण्याची टाकी आहे.
त्याच्याही वर, म्हणे, कुठलंसं सरकार.

वडणग्याची आक्कामावशी
दूध संस्थेची ठरावधारक.
मागच्या निवडणुकीत तिला बसमध्ये घालून
आठ दिवस गोव्यात ठेवलेली.
मोबाईल काढून घेतलेला,
खोलीला बाहेरनं कडी,
जेवणात रोज सुरमई, आणि ही माळकरी.
येताना हातात चांदीची वाटी.
मत कुणाला टाकलं, तिनं अजून सांगितलेलं नाही.
म्हशीलासुद्धा नाही.

तिला मी माझं काम सांगितलं.
धार काढत होती. मान वर न करता म्हणाली,
"पंगतीला बोलावलं तर जेवावं गं.
दुसऱ्याच्या पंगतीत वाढपी हुयाचं न्हाई.
कुणाच्या पानात काय पडलं
त्येचा हिशोब त्यांच्या घरचा."

मी म्हटलं, आणि मावशी,
त्या घरात थोरलाच सगळ्यांच्या
नरड्यावर पाय देऊन उभा असला तर?
पेटी उघडायच्या आधीच
निकाल लिहून ठेवलेला असला तर?
शेजाऱ्यानं काय पिंजराच्या गंजीआड बसून ऱ्हायाचं?

चरवीतला आवाज थांबला.
म्हशीनं मागं वळून बघितलं.

"मग भिताडावरनं हाक मारायची.
नाव सांगून.
मी मगदुमाची आक्का बोलतोय,
सोड त्या पोराला, म्हणून.
त्यांच्या चुलीम्होरं बसून
त्यांच्याच सुनंच्या आवाजात
बोलायचं न्हाई."

यावर काय म्हणायचं ते मला सुचलं
रात्री साडेबाराला, दुसऱ्या घड्याळात भर दुपारी:
की मावशी, ज्याच्या दारात तोफा उभ्या
त्याची साधी हाकही धमकीच वाटते;
आणि सगळी भिताडं
धाकट्याच्याच अंगणात कशी काय पडतात?
पण तोवर शिफ्ट सुरू झाली,
मी विधवा झालो.

निकाल लागला. एकोणीस हजारांनी.
माझ्या प्रतिक्रिया त्यात किती,
पाकिटाच्या मागं भागाकार मांडला,
बाकी उरत गेली, सोडून दिला.
चौगुलेसरांनी खालून नानकटाई मागवली.
आपल्याला कोण यायला हवं होतं
हे कुणी कुणाला विचारलं नाही.

त्याच रात्री माझ्या विधवेला
तिथल्या एका खऱ्या बाईचं उत्तर आलं.
मशीननं मराठी करून दिलं:
'माझाही नवरा गोदीतच गेला.
घरात भांडी वाजली तरी दचकते.
ताई, तू कुठल्या गल्लीत राहतेस?'

मी लिहिलं, आठव्या.
मग खोडलं.
परत लिहिलं.
अशा उत्तरांचे साडेचार रुपये
धरत नाहीत.